भिर्रीचा ळ

वागळे इस्टेटमध्ये, बेअरिंगच्या गोदामावर
अंड्यांच्या ट्रेसारख्या भिंतींची एक खोली होती.
तिथे मी खार झाले.

शेपटी त्यांनी आधीच रंगवून ठेवली होती,
डोळेही, बशीएवढे.
फक्त तोंड रिकामं
उघडत-मिटत होतं पडद्यावर,
टोपलीत टाकलेल्या बोईटासारखं.
त्यात मी बोलायचं होतं:
'पळ पळ पळ, एक मूठ बळ!'

'मॅडम, ळ,' काचेपलीकडून दाते म्हणाला.
ळच म्हणतेय की.
'तुम्ही ल म्हणताय.'

दिवा गावात ल ने कुणाचं काही अडलं नव्हतं.
आमच्याकडे डोला दुखतो, केली पिकतात,
बाय गेली तेव्हा आम्ही सगले रडलो
आणि ते रडणं कुणाला कमी वाटलं नाही.

बावीस टेक.
जीभ मागे, टाळूला, अजून मागे,
चिंचोका अडकल्यासारखी.
तेविसाव्याला दात्याने अंगठा दाखवला.
बत्तीसशे रुपये. चेक. एकदाच.
कागदावर होतं: आवाज, सर्व माध्यमांत, कायमचा.
मी 'कायमचा'च्या खाली सही केली
कारण त्याने बोट तिथे ठेवलं होतं.

जाहिरात वीस सेकंदांची.
बाकावर एक दमलेला मुलगा.
फांदीवरून भिर्री येते, खळ्ळमचं पाकीट फोडते,
नारिंगी धूळ उडते,
मुलगा शर्यत जिंकतो, आणि आई हसते.
आईला ओळ नाही.

माझ्या भाच्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा
मी त्याच्या शेजारीच बसले होते.
त्याने उठून टीव्हीला हात लावला.

त्यानंतर दोन-चार कामं मिळाली,
एक कासव, एक चिडका टूथब्रश.
मग दाते पुण्याला गेला
आणि मी ऐरोलीत एका दातांच्या दवाखान्यात
फोन घ्यायला लागले.
तिथे मुलं येतात. दाढा किडलेल्या.
कुणाच्या मुठीत भिर्रीचा स्टिकर असतो,
रडू नये म्हणून आईने दिलेला.
मी नाव विचारते, वय विचारते,
पुढची तारीख लिहून देते.

काल नाक्यावर भानुशालीच्या दुकानात
पाकिटांच्या माळा लटकत होत्या,
बारा भिर्री, एकीखाली एक,
सगळ्यांचं तोंड उघडं.
एक आजी आली, पाटी कमरेला,
तळाशी उरलेला वाटाभर जवला.
नातू माळेला लोंबकळला:
'पळ पळ पळ, एक मूठ बळ!'

माझाच होता.
तेविसाव्या टेकचा, अगदी चिंचोक्यासकट.

'पल घरा,' आजी म्हणाली. 'जेवान झालंय.'
'पल नाय गो आजी. पळ.'

आजीने पदराची गाठ सोडली,
पाचाचं नाणं काढलं.
'हां,' म्हणाली, 'तेच ते.'

मला काय झालं कुणास ठाऊक.
वाकून त्याला म्हटलं, ही भिर्री आहे ना, ती मी.
'म्हन मग.'

दुकानात उदबत्तीचा वास, फ्रिजची घरघर.
मी श्वास घेतला, दात्याने शिकवला तसा, पोटातून.
आणि तोंडातून आलं:
पल पल पल, एक मूठ बल.

(हे लिहिताना बघा,
प्रत्येक ळ निमूट जागेवर बसतोय.)

'खोटी,' मुलगा म्हणाला.
'भिर्री असं नाय बोलत.'

आजीने मात्र पाटी खाली ठेवली,
माझ्याकडे नीट पाहिलं,
कपाळापासून चपलांपर्यंत.
'कोनाची गो तू?'

सांगितलं. पदू तांडेलची. खाडीकडच्या आळीतली.
ती बापाला ओळखत होती, बायला जास्त.
बोलत उभ्या राहिलो,
बायच्या आजारपणाबद्दल, जवल्याच्या भावाबद्दल,
आणि मुलाची बोटं तोवर
नारिंगी झाली होती.